पस्तीसला दात वाजतात

पुण्याजवळ चांदे गावी मी खोली शोधत गेले तेव्हा घरमालकीणबाईंनी माझं नाव, गाव, जात, पगार यातलं काहीच विचारलं नाही. अंगणात स्कूटर उभी केली, चावी फिरवणार, तेवढ्यात ओसरीवरून आवाज आला, "बंद करू नको."

एक बाई खाली आल्या. साठी ओलांडलेली, अंगावर नऊवारी, आणि लुगड्यावरून कमरेला ट्रॅक्टरच्या ट्यूबचा कापलेला वीतभर रुंद काळा पट्टा, बक्कल लावून करकचून आवळलेला. त्यांनी स्कूटरच्या हँडलवर तळहात ठेवला. तापलेल्या पोराच्या कपाळाला लावतात तसा. थोडा वेळ तसाच ठेवून म्हणाल्या, "इंजिनाखालचं रबर गेलंय. कुटनं आलीस?"

"सांगलीची आहे मी."

"तसं न्हाई. आत्ता कुटनं आलीस?"

"सूसवरनं."

"मग बरोबर हाय. त्या खड्ड्यांनीच खाल्लं आसंल. खोली बघ जा. दार फुगलंय, जोर लावून ढकल."

त्या खोलीत मी चार वर्षं राहिले. सगळं गाव त्यांना आक्का म्हणायचं, मीही म्हणायला लागले.

आक्कांकडे एक जीप होती. नवऱ्याची. नवरा आजाराने गेला तेव्हा आक्का तिशीच्या होत्या, पदरात एक मुलगी. दहाव्याला दिरांनी जीपचं गिऱ्हाईक ठरवलं. बायका गळ्यातलं काढून घ्यायला आल्या, आक्कांनी काढू दिलं, आणि त्याच दोऱ्यात जीपची किल्ली ओवून गळ्यात बांधली. मग जाऊन जीपमध्ये बसल्या. दिरांनी समजावलं, सासऱ्यांनी समजावलं, गिऱ्हाईक येऊन अंगणात उभं राहून गेलं. आक्का दुसऱ्या दिवशी संध्याकाळी खाली उतरल्या, तेव्हा जीप विकायचा विषय घरात संपला होता. चालवायला त्या भात कापून मोकळ्या झालेल्या खाचरात शिकल्या. बांधावरून गाडी उडवत, पडत, धडपडत. "पयल्या दिवशी जीब चावली," त्या सांगायच्या. "दुसऱ्या दिवशी समजलं, जीब आत ठेवायची आन् दात मोकळं सोडायचं."

गळ्यातली किल्ली मी राहायला गेले तेव्हाही तिथंच होती.

रोज संध्याकाळी दिवेलागणीच्या आधी त्या पाना घेऊन जीपखाली जायच्या आणि एकेक नट तपासायच्या. साठीची बाई लुगड्याचा काष्टा खोचून गाडीखाली सरपटत जाते हे पहिल्यांदा पाहिलं तेव्हा मी धावले. मला वाटलं पडल्या. खालूनच म्हणाल्या, "कंदील धर. रस्ता दिसभर सोडवतुया, मी सांजच्याला आवळती. माजं आन् त्याचं लगीन लागल्यासारखं हाय."

रस्त्यांना त्यांनी नावं दिलेली होती, आणि ती अंतरावरून नव्हती. काही रस्ते अंड्यांचे. म्हणजे त्यावरून अंडी नेली तर धड पोचतात. काही दुधाचे. अंडी फुटतात, दूध पोचतं. काही ताकाचे. दूध घेऊन निघालं तर पोचेपर्यंत वर लोण्याचा गोळा. आणि चौथी जात दगडांच्या रस्त्यांची, ज्यावरून फक्त दगड न्यावेत. "आन् त्ये बी मोजून," असं म्हणून हसायच्या.

वाडीचा रस्ता दगडांचा होता. वाडी म्हणजे डोंगराच्या अंगाला चार किलोमीटर वर असलेली वीसेक घरं, मेंढ्या-शेळ्या राखणारी. त्यांचं दूध खाली आणायचं, आजारी माणूस आणायचा, बाजाराचं सामान वर न्यायचं, कधी पाय मोडलेली मेंढी मांडीवर घ्यायची, हे सगळं आक्का करायच्या. दुसरी कुठली गाडी तिथं जायला तयार नव्हती. रिक्षावाले लवळ्याच्या कॉलेजच्या पोरांना सोडून या बाजूला वळायचे नाहीत.

माझी नोकरी त्यांना फार गमतीची वाटायची. हिंजवडीच्या बाजूला एका लहानशा कंपनीत मी गाड्यांचे सुटे भाग तपासायचे. एका जाड लोखंडी पाटावर तो भाग घट्ट बसवायचा, आणि यंत्राने पाट हलवायचा. दिवस-दिवस. कुठं तडा जातो, कुठला स्क्रू सुटतो, ते टिपून ठेवायचं.

हे सांगितलं तेव्हा आक्कांनी भाकरी थापता थापता हात थांबवला. "म्हंजी त्या पाटावर ठेवून नुसतं हालवायचं?"

"हो."

"त्यासाठी हापिस?"

"हो."

"त्यांना म्हनावं वाडीला या. हितं काय बी बसवा, फुकट हालतंय."

पण चेष्टा करून त्या थांबल्या नाहीत. किती हलवता, कसं हलवता, सगळं विचारलं. मी म्हणाले, जास्त जोरात हलवलं म्हणजे जास्त मोडतं असं नसतं. प्रत्येक वस्तूची स्वतःची एक लय असते. नेमक्या त्या लयीत हलवलं की ती वस्तू अंगात आल्यासारखी थरथरते. मला वाटलं आता हे समजावताना झोपाळ्याचं उदाहरण द्यावं लागेल.

"त्ये म्हाईत हाय," आक्का म्हणाल्या. "पस्तीसला दात वाजतात."

"म्हणजे?"

"वाडीच्या रस्त्याला पन्हळी पडल्यात न्हवं का, पत्र्याला आसत्यात तशा. आडव्या. वीसनं चाललं की गाडी नुसती डुलतीया. पस्तीसला दात वाजतात, आरसा दिसत न्हाई, हातातलं चाक मुंग्या आल्यावानी हुतंय. आन् पन्नास केलं की सगळं गप."

"मग पन्नासनेच का जात नाही?"

त्यांनी माझ्याकडे जरा कीव केल्यासारखं पाहिलं. "पन्नासला गप हुतं, कारन चाक जिमिनीला लागतच न्हाई. वरच्या वर उड्या मारतं. वळान आलं की गाडी वळत न्हाई, सरळ जाती. खाली दरी हाय."

त्या रविवारी दुपारी मी वाडीच्या रस्त्यावर जाऊन दोन पन्हळींमधलं अंतर पट्टीने मोजलं. पाऊण मीटरपेक्षा थोडं जास्त. पस्तीसच्या वेगाने ते किती वेळात पार होतं याचा हिशेब घातला. सेकंदाला बारा-तेरा धक्के येत होते. आणि तशा जीपच्या चाकांची स्वतःची उडी मारायची लय तेवढीच असते, हे मी पुस्तकात शिकले होते. परीक्षेत त्यावर एक प्रश्नही आला होता. आक्कांना ते कमरेतून कळलं होतं.

त्या पट्ट्याचं कारणही तेच. "हाडं ढिली झाल्यात," म्हणायच्या, "त्यांना कुठला पाना लावू?" उजव्या हाताची तीन बोटं सकाळी बधिर असायची. गरम पाण्याच्या तांब्याला धरून बसायच्या, मग किल्ली फिरवायच्या.

मी राहायला गेल्याच्या दुसऱ्या वर्षी वाडीचा रस्ता मंजूर झाला. यंत्रं आली, डांबराचा वास आला, वाडीतल्या बायकांनी कामगारांना ताक पाजलं. आक्का रोज तिथं जाऊन उभ्या राहायच्या. एक दिवस परत आल्यावर जेवताना म्हणाल्या, "खालच्या पन्हळी काढल्याच न्हाईत. तशाच ठेवल्या आन् वरनं डांबराचं पांघरून घातलं." कंत्राटदाराच्या माणसाला त्यांनी तसं सांगितलंही होतं. तो म्हणाला होता, आजी, तुम्ही गाडी चालवा, रस्ता आम्ही करतो.

उद्घाटनाला एक रविवार ठरला. आणि त्याच सकाळी वाडीतला एक म्हातारा धनगर शेळीमागे कड्यावरून घसरला. खुब्याचं हाड मोडलं. रुग्णवाहिकेला फोन केला तर दोन तास लागतील म्हणाले. आक्कांनी जीप काढली. मी घरीच होते, त्यांच्याबरोबर गेले.

वर पोचलो तर एका बाजूला मांडव, फुलांची कमान, स्पीकर, आणि दुसऱ्या बाजूला घराच्या ओट्यावर तो म्हातारा पडलेला, दात आवळून. आक्कांनी जीपच्या मागच्या भागात भाताचा पेंढा पसरला, त्यावर वाकळ, वाकळीवर गादी. मग खाली वाकून चारी चाकांतली हवा थोडी थोडी सोडली. मी विचारलं तेव्हा म्हणाल्या, "चाक मऊ झालं की निम्मं हिसकं त्येच गिळतं." म्हाताऱ्याला चौघांनी उचलून ठेवलं. एका बाजूला त्याची सून बसली, दुसऱ्या बाजूला मी, दोघींनी मिळून त्याचा पाय उशांमध्ये धरला. आणि आक्कांनी पहिला गिअर टाकला.

दुसरा टाकलाच नाही.

माणूस चालतो त्या वेगाने आम्ही निघालो. नवा काळाभोर रस्ता, कडेला पांढरे पट्टे. बघणाऱ्याला वाटावं बाईचं डोकं फिरलंय. अर्धा किलोमीटरही गेलो नसू, तर मागे हॉर्न. उद्घाटन आटोपून पाहुणे परत निघाले होते. सात-आठ मोठ्या पांढऱ्या गाड्या, एकामागे एक. रस्ता एका गाडीपुरता. हॉर्न वाजत राहिले. आक्कांनी आरशात एकदा पाहिलं आणि आरसा फिरवून ठेवला.

थोड्या वेळाने फेटा बांधलेला एक माणूस चालतच पुढे आला. चालतच आला, कारण आमच्यापर्यंत पोचायला तेवढं पुरत होतं. जीपच्या बाजूने चालत म्हणाला, "आजी, गाडी जरा बाजूला घ्या. साहेबांना पुढं कार्यक्रम आहे."

"बाजूला घेतली की चाक खाली उतरंल," आक्का समोर बघत म्हणाल्या. "चाक उतरलं की ह्यो म्हातारा वराडंल. तुमी ऐकनार का?"

त्याने आत डोकावून पाहिलं. जरा ओशाळला. "अहो पण पेशंट आहे तर जोरात न्यायला पाहिजे ना. एवढा नवीन रस्ता आहे."

"नवीन हाय व्हय? मला वाटलं जुनाच हाय, वरनं काळा केलाय."

"आम्ही आत्ता वर आलो की. काही जाणवलं नाही."

"तुमी साठनं आला आसाल. साठला जानवत न्हाई. पस्तीसनं जाऊन बघा, मंग बोला."

तो चालत होता, घाम पुसत होता. शेवटी म्हणाला, "मग साहेबांना काय सांगू?"

"सांगा, घाई आसंल तर उतरून चाला. माज्याफुडं जाल."

कुणी उतरलं नाही. चार किलोमीटरला तासभर लागला. हॉर्न मधेच बंद पडले, पुन्हा सुरू झाले, मग कायमचे थांबले. माझे हात उशा धरून आखडले होते. म्हाताऱ्याचे डोळे मिटलेले. एका वळणावर तो पुटपुटला, "आक्के, माजी मेंढरं तरी जोरात चालत्यात." त्या दिवसभरात आक्का हसल्या त्या तेवढ्याच.

खाली दवाखान्यात डॉक्टर म्हणाले, हाड जागचं फारसं सरकलेलं नाही, नीट आणलंत. म्हातारा तीन महिन्यांनी काठी घेऊन चालायला लागला.

आक्का मात्र त्या दिवसानंतर शांत बसल्या नाहीत. वाडीतल्या प्रत्येक घराचा अंगठा नाहीतर सही घेऊन रस्ताखात्याकडे अर्ज दिला. दीड महिन्याने उत्तर आलं. मी वाचून दाखवलं. काम मानकांनुसार पूर्ण झालेलं आहे. सदर मार्गावर जुनी व योग्य देखभाल नसलेली वाहने वापरली जात असल्यामुळे प्रवाशांना हादरे जाणवत असावेत.

"परत वाच," आक्का म्हणाल्या.

मी परत वाचलं.

"योग्य देखभाल नसलेली?"

"असं लिहिलंय."

त्या उठल्या, पाना घेतला आणि जीपखाली गेल्या. दुपारचे दोन वाजले होते, ती काही नट आवळायची वेळ नव्हती. बराच वेळ खालून नुसता खटखट आवाज येत राहिला. बाहेर आल्या तेव्हा डोळे लाल होते, ते धुळीने असतील असं मी धरून चालले.

"पोरी," त्या म्हणाल्या, "तुज्याकडं हालनं मोजायचं यंत्र हाय न्हवं? मोज आन् लिवून दे. जीपवर मोज, तुज्या स्कूटरवर मोज, एखाद्या नव्या गाडीवर मोज. मंग बघू कोन जुनं हाय."

मी मोजलं. साहेबांना विचारून एक छोटं यंत्र घरी आणलं, सरावासाठी म्हणून. जीपवर लावलं, माझ्या स्कूटरवर लावलं, आणि एका सहकाऱ्याच्या सहा महिने जुन्या कारवर. तिन्ही गाड्या वाडीच्या रस्त्यावर थरथरत होत्या, आणि खालच्या मोठ्या रस्त्यावर तिन्ही गप्प होत्या. मी व्यवस्थित तक्ता केला, आलेख काढले, चार पानांचा अहवाल तयार केला. आक्कांनी तो हातात धरून बघितला. आलेखावरून बोट फिरवलं. "ह्यो वर गेलेला उंचवटा पस्तीसचा का?" त्यांनी विचारलं. तो पस्तीसचाच होता.

दुसऱ्या दिवशी कंपनीत साहेबांनी मला केबिनमध्ये बोलावलं. कुणीतरी सांगितलं होतं. ते रागावले नाहीत. खुर्ची दिली, चहा दिला आणि म्हणाले, "हे सरकारी काम आहे. आपल्या यंत्रावर मोजलेले आकडे, खाली तुझी सही, उद्या कंपनीचं नाव निघणार. तू हुशार मुलगी आहेस."

घरी येऊन मी आक्कांना सांगितलं की मला सही करता येणार नाही. अहवाल ठेवा, आकडे खरे आहेत, पण नाव नको.

आक्का तांदूळ निवडत होत्या. निवडत राहिल्या. मग म्हणाल्या, "बिनसहीचा कागद म्हंजी बिननटाचा बोल्ट. आत जातो, पन धरत न्हाई." आणि एवढं बोलून विषय बंद. त्या रात्री ताटात रोजच्यापेक्षा एक भाकरी जास्त वाढली. दोन शिव्या दिल्या असत्या तर मला झोप लागली असती.

दुसरा अर्ज गेला, तिसरा गेला. शेवटी खात्याचे एक अधिकारी पाहणीला आले. चाळिशीचे, सभ्य, दमलेले. बरोबर कंत्राटदाराचा माणूस. वाडीच्या देवळाच्या मंडपात सगळे बसले. अधिकाऱ्यांनी फाईल उघडली आणि तेच म्हणाले, जे पत्रात लिहिलं होतं. "मावशी, मी रस्ता बघत आलोय. पृष्ठभाग चांगला आहे. तुमची जीप तीस वर्षांवरची आहे. ती हलणारच."

वाडीतली माणसं आक्कांकडे बघायला लागली. मी मागे खांबाला टेकून उभी होते, पिशवीत तो बिनसहीचा अहवाल घेऊन.

"बरोबर हाय सायेब," आक्का म्हणाल्या. "जीप म्हातारी हाय. तुमची गाडी किती वर्साची?"

"माझी? याच वर्षीची."

"मंग तुमच्याच गाडीत बसू. पाच मिन्टं."

नाही म्हणायला काही कारण नव्हतं. ड्रायव्हरच्या शेजारी मला बसवलं, मागे अधिकारी आणि आक्का, आणि कडेला अंग चोरून कंत्राटदाराचा माणूस. गाडी सुरू व्हायच्या आधी आक्कांनी कमरेच्या पिशवीतून एक कोरा कागद काढला, वहीचा पुठ्ठा त्याखाली धरला आणि अधिकाऱ्यांपुढे केला.

"सही करा."

"कशावर?"

"कोरा हाय, बघा. मला काय लिवता येत न्हाई वरती. तुमी नुसतं नाव लिवा, आन् त्यावर रेघ मारा मागनं, म्हंजी कुनी काय लिवनार न्हाई."

अधिकारी हसले. त्यांनी सही केली. सुरेख, वळणदार, शेवटी एक लांब फटकारा.

"आता चल रं," आक्का ड्रायव्हरला म्हणाल्या. "पस्तीस. त्याच्या वर न्हाई, खाली न्हाई."

गाडीने वेग घेतला. वीस, पंचवीस, तीस. आणि मग ते सुरू झालं. समोरची काच किरकिरायला लागली, कप्प्यातल्या चाव्या वाजायला लागल्या, माझ्या दातांवर दात आपटायला लागले. ड्रायव्हरने नकळत ब्रेककडे पाय नेला. "पस्तीस," आक्का मागून म्हणाल्या. त्यांचा आवाजही हलत होता.

"आता करा सही."

अधिकाऱ्यांनी पेन टेकवलं. पहिल्या अक्षराचं टोक निघालं, दुसरं कागदाबाहेर गेलं, तिसऱ्याला निब कागद फाडून पुठ्ठ्यात रुतलं. ते हसत होते ते थांबले. पुन्हा टेकवलं. पुन्हा तेच.

कंत्राटदाराचा माणूस म्हणाला, "चालत्या गाडीत कुणालाच लिहिता येत नाही."

"व्हय का?" आक्का म्हणाल्या. "खाली मोठ्या रस्त्याला घे रं."

खाली आलो. मोठ्या रस्त्यावर गाडी वळली. आक्कांनी पुन्हा पस्तीस ठेवायला सांगितलं आणि कागद पुढे केला. अधिकाऱ्यांनी सही केली. जवळजवळ पहिल्यासारखीच आली, फटकाऱ्यासकट.

मी आरशातून बघत होते. अभियांत्रिकीच्या चार वर्षांत आणि नोकरीच्या तीन वर्षांत इतका स्वच्छ प्रयोग मी केलेला नव्हता. गाडी तीच, वेग तोच, हात तोच. बदलला होता तो फक्त रस्ता.

"सायेब," आक्का हळू आवाजात म्हणाल्या, "रस्ता पुरा झाला म्हनून ज्या कागदावर सही केली, ती टेबलावर केली आसंल. ही रस्त्यावर केल्याली. दोन्ही तुमच्याच हायेत. कंची खरी, त्ये तुमी सांगा."

अधिकाऱ्यांनी खिडकीबाहेर पाहिलं. मग कागदासाठी हात पुढे केला. "मावशी, तो द्या इकडे."

"न्हाई," आक्का म्हणाल्या आणि घडी घालून पिशवीत ठेवला.

वाडीत परत आलो. गाडीतून उतरल्यावर मी पिशवीतून अहवाल काढला. अधिकाऱ्यांच्या नव्या गाडीच्या गरम बॉनेटवर ठेवला, चारही पानांवर सही केली, खाली नाव, शिक्षण, पत्ता लिहिला आणि त्यांच्या हातात दिला. आक्कांनी पाहिलं. वाडीतल्या एका बाईला म्हणाल्या, "हिला पानी दे."

कंपनीत मला समज देणारं पत्र मिळालं. यंत्रावरून काढून नोंदींच्या टेबलावर बसवलं. वर्षभराने मी ती नोकरी सोडली. आता तळेगावच्या बाजूला दुसऱ्या ठिकाणी हेच काम करते. त्या पत्राची प्रत माझ्याकडे आहे. प्रगतिपुस्तकं मी जपलेली नाहीत, ते पत्र जपलंय.

अधिकाऱ्यांनी त्यांच्या परीने काम केलं असावं, कारण पुढच्या हिवाळ्यात यंत्रं परत आली. या वेळी रस्ता खालपासून उखडला, पन्हळी खरवडून काढल्या, खडी दाबली आणि मग डांबर टाकलं. तीन किलोमीटर. वरचा एक राहिला. निधी संपला म्हणाले. तरी मोठा कार्यक्रम झाला आणि आक्कांचा सत्कार ठेवला. नाव पुकारल्यावर त्या स्टेजपर्यंत गेल्या, पायरी चढल्या नाहीत. खालूनच म्हणाल्या, "शाल ठिवा. एक किलोमीटर ऱ्हायलाय," आणि येऊन वाडीतल्या बायकांमध्ये बसल्या. स्टेजवरचा माणूस उघडी शाल हातात धरून तसाच उभा होता.

मी चांदे सोडायच्या आधीच्या महिन्यात आक्कांची कंबर एका सकाळी उठूच देईना. मी आणि त्यांच्या मुलीने त्यांना पुण्याला एका डॉक्टरांकडे नेलं. तरुण डॉक्टर होते. त्यांनी एक्स-रे उजेडावर लावला आणि पेनने दाखवलं की मणक्यांमधल्या गाद्या कशा झिजल्यात. "गाडी चालवणं बंद करायचं आजी. पूर्णपणे," ते म्हणाले आणि कागदावर लिहायला लागले.

"काय लिवताय?" आक्कांनी विचारलं.

"वयोमानानुसार झीज."

"त्ये खोडा."

डॉक्टर थांबले. "का?"

"वयानं न्हाई झालं. माजी थोरली भैन पंचाहत्तरची हाय, लवळ्यात ताठ चालतीया. माज्या नंदा बघा. ही झीज रस्त्यानं झालीया. तसं लिवा."

"आजी, औषध तेच राहणार. कारण काही लिहिलं तरी."

"औशद तेच ऱ्हाऊ दे. कारन खरं लिवा."

मुलीने आईचा हात दाबला. मी खाली बघत होते, हसू येऊ नये म्हणून, आणि मग वर बघितलं तर डॉक्टर हसत नव्हते. त्यांनी विचारलं, कुठला रस्ता, किती वर्षं, कोणती गाडी. आक्कांनी सगळं सांगितलं. पन्हळी सांगितल्या, पस्तीस सांगितलं. पाठीमागे दारात पुढचा पेशंट दोनदा डोकावून गेला. डॉक्टरांनी लिहिलेलं खोडलं आणि नवीन लिहिलं. आक्कांनी तो कागद मला वाचायला लावला. खराब रस्त्यावर तीस वर्षे वाहन चालवल्यामुळे मणक्यांची झीज.

"परत वाच."

मी परत वाचलं. आक्कांनी कागदाची चौकोनी घडी करून कमरेच्या पिशवीत ठेवली, पट्टा आवळला, खुर्चीला धरून उठल्या. वेदनेने चेहरा पांढरा झाला होता.

बाहेर रिक्षात बसल्यावर मुलीला म्हणाल्या, "बिगी बिगी चला. वाडीतल्या म्हाताऱ्याच्या धाकट्या सुनंचा नववा महिना भरत आलाय, चार वाजता तिला तपासायला खाली आनायचीया."

"आई," मुलगी म्हणाली, "डॉक्टर आत्ता काय म्हणाले? गाडी चालवायची नाही."

"त्ये मला म्हनाले," आक्का म्हणाल्या. "तिच्या पोटातल्याला कुटं म्हनालेत?"

चार वाजता त्या वाडीला गेल्या. तीन किलोमीटर तिसऱ्या गिअरमध्ये, आणि वरचा एक पहिल्यात.